अरबी शिकायला अम्मानला: यजमान कुटुंबात राहावं का?

पायवाट

नमस्कार. जानेवारीपासून चार महिने जॉर्डनला, अम्मानमध्ये अरबी शिकायला जाते आहे. गेली दोन वर्षं फुस्हा, म्हणजे प्रमाण लेखी अरबी शिकले. कोश जवळ असेल तर बातमी वाचता येते, क्रियापदांचे दहा साचे पाठ आहेत. पण कुणी समोर बोलायला लागलं की मी गप्प होते. पुढे अनुवादाचं काम करायचं आहे, म्हणून हे चार महिने वाया जाऊ द्यायचे नाहीत.

राहण्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, स्थानिक कुटुंबात खोली आणि दोन वेळचं जेवण. दुसरा, परदेशी विद्यार्थिनींबरोबर फ्लॅट. घरचे म्हणतात कुटुंबात राहा, काळजी नको. माझी शंका वेगळीच आहे. घरात सगळे आम्मिया, म्हणजे बोलीच बोलणार. मग इतक्या कष्टाने बसवलेली फुस्हा बिघडणार नाही का? शिवाय मी पूर्ण शाकाहारी आहे आणि रमजानही याच काळात येतो आहे.

जे कुणी असं राहिले असतील त्यांनी मोकळेपणाने लिहा. वाईट अनुभवही हवे आहेत.

उंबरठा

मी अम्मानमध्ये एका कुटुंबात पाच महिने राहिले आहे. राहाच. मात्र एक गोष्ट आधी सांगते. मला ती कुणी सांगितली नव्हती आणि माझे पहिले पाच आठवडे त्यातच गेले. घरात राहिल्याने भाषा येत नाही. घरातलं काम हातात घेतलं की येते.

सुरुवातीला मी पाहुणी होते. खालतो (म्हणजे मावशी, यजमानीणबाईंना मी हीच हाक मारायचे, बाकी सगळे त्यांना थोरल्या मुलाच्या नावाने 'उम्म अमुक' म्हणत) ताट पुढे ठेवायच्या, 'सहतेन' म्हणायच्या, मी 'शुक्रन' म्हणायचे आणि जेवून खोलीत गृहपाठाला बसायचे. दिवसाची दहा-बारा वाक्यं व्हायची आणि रोज तीच: झोप लागली का, थंडी वाजते का, अजून घे. सगळे माझ्याशी प्रेमाने, सावकाश आणि मोठ्याने बोलत. आपापसांत बोलताना मात्र असा वेग पकडत की एक शब्द हाती लागत नसे.

मग एका शुक्रवारी (तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार, आठवडा रविवारी सुरू होतो) त्यांच्या दोन बहिणी आल्या आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या करायला बसल्या. वरक दवाली म्हणतात. मी न विचारता जमिनीवर जाऊन बसले आणि एक पान उचललं. पहिली गुंडाळी सुटली. खालतोंनी ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा वळून दाखवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी घरातल्या माणसाशी बोलतात तशा, त्यांच्या नेहमीच्या वेगात बोलल्या. नावलीनी, म्हणजे मला दे. हुत्ती, ठेव. शीली, उचल. इअलबी, उलटं कर. तीन तासांत आज्ञार्थाची जी तयारी झाली ती वर्गात एका सत्रात झाली नव्हती, कारण इथे चुकलं की पान फाटायचं.

त्या 'इअलबी'वर थोडं थांबते. मूळ धातू क-ल-ब, उलटणं. म्हणून मकलूबा: तांदूळ, वांगी, मांस पातेल्यात थरांनी शिजवून ताटात उपडं घालतात तो पदार्थ. कल्ब म्हणजे हृदय, ते याच धातूतलं. आणि इन्किलाब, जो आपल्याला घोषणेतून माहीत आहे, तोही इथलाच. अरबीत त्याचा अर्थ सत्ता उलथवणं. वर्गात मी हा धातू तक्त्यात पाहिला होता. खालतोंनी पातेलं उपडं घातलं तेव्हा तो पक्का झाला.

म्हणजे फुस्हा बिघडत नाही, उलट तिला जमीन मिळते. 'आत्ता' याला फुस्हात 'अल्-आन'. अम्मानमध्ये 'हल्लअ'. ऐकायला परका वाटतो, पण तो 'हल्-वक्त' म्हणजे 'हा वक्त' असा आक्रसलेला शब्द आहे. कैरोचा 'दिल्वअती' पण तोच वक्त, आणि आपला वखतही तिथूनच आलेला. 'मला पाहिजे' याला 'बिद्दी' म्हणतात. त्यात 'विद्द' म्हणजे इच्छा, प्रेम दडलेलं आहे. असं एकेक उकलत गेलं की बोली ही प्रमाण भाषेची मोडतोड वाटत नाही. मला ती तिच्याच घरातली धाकटी, चपळ बहीण वाटायला लागली.

जेवणाचं आणि रमजानचं सवडीने लिहिते.

काठावर

उंबरठा यांना चांगलं घर मिळालं, आनंद आहे. पायवाट यांनी वाईट अनुभव मागितले आहेत म्हणून लिहिते. मीही अम्मानमध्येच होते.

मी ज्या घरात होते तिथे एकाच वेळी आम्ही चार विद्यार्थी होतो, चार देशांचे. साहजिकच आमची आपसातली भाषा इंग्रजी. घरातल्या दोन मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या आणि आमच्याशी इंग्रजी बोला असं त्यांना सांगून ठेवलेलं. मी अरबीत विचारायचे, उत्तर इंग्रजीत यायचं. शेगडी (सोबा म्हणतात, बहुधा गॅसची असते) फक्त बैठकीच्या खोलीत. अम्मान डोंगरावर वसलेलं आहे, घरं दगडी, जानेवारीत कधीकधी बर्फ पडतो. माझ्या खोलीत रात्री बोटं आखडायची. खोलीत शेगडी हवी तर वेगळे पैसे, हे पोचल्यावर कळलं. संस्थेला सांगितल्यावर घर बदलून मिळायला सहा आठवडे गेले.

त्या लोकांना वाईट म्हणत नाही. महागाईत घर चालवण्याचा तो त्यांचा मार्ग होता. पण ते कुटुंब नव्हतं, ती खानावळ होती, आणि मला मात्र कुटुंब म्हणून सांगितलं गेलं होतं. त्याचं दुःख आजही आहे.

नंतर मी दोन जॉर्डनी विद्यापीठ विद्यार्थिनींबरोबर राहिले आणि तिथे माझं अरबी खरं सुटलं. तेव्हा पर्याय दोनच आहेत असं समजू नका. स्थानिक मुलींबरोबरचा फ्लॅट हा तिसरा आहे, तो मागून घ्यावा लागतो.

कुटुंबच घ्यायचं असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: घरात आणखी किती विद्यार्थी असतील, दिवसा घरी कोण असतं, घरातल्यांना इंग्रजी कितपत येतं, खोलीला शेगडी आणि आतून कडी आहे का, स्वतःची किल्ली मिळेल का, आणि पटलं नाही तर किती दिवसांत घर बदलून मिळेल. यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दिवसभर घर रिकामं असेल तर बोलणार कुणाशी?

उंबरठा

काठावर, तुमच्याबरोबर जे झालं ते चुकीचंच होतं. दिवसा घरी कोण असतं हा प्रश्न मला सुचलाच नसता. माझ्या घरी खालतो आणि त्यांच्या सासूबाई दोघी दिवसभर असायच्या. नशीबच म्हणायचं.

जुनी वही

माझा काळ अम्मानच्या आधीचा. मी २००८-०९ मध्ये दमास्कसला होतो, जुन्या शहरात, बाब तूमा भागात. त्या काळी अरबी शिकायला निघालेला माणूस आधी दमास्कसचाच विचार करायचा. बाब तूमातली ख्रिस्ती कुटुंबं विद्यार्थ्यांना खोल्या द्यायची. मधे चौक, चौकात कारंजं, नारिंगाचं झाड, आणि चारी बाजूंनी खोल्या. माझ्या यजमानीण एक वृद्ध विधवा होत्या. सकाळी त्या चौक धुवायच्या, मी बादल्या भरून द्यायचो. उंबरठा म्हणतात ते कामाचं शंभर टक्के खरं आहे.

फुस्हा आणि आम्मियाबद्दल. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली एका लेखात 'डायग्लॉसिया' ही कल्पना मांडली: एकाच समाजात भाषेची दोन रूपं, एक उच्च, एक रोजचं, आणि दोघांची कामं वाटलेली. त्याने चार उदाहरणं घेतली होती: अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल. यातला कळीचा मुद्दा असा की उच्च रूप कुणाचीच घरची भाषा नसते. ते सगळेच शाळेत शिकतात. पायवाट, तुमच्या यजमानीणबाईंनीही फुस्हा शाळेतच शिकलेली असणार. त्यामुळे तुम्ही घरात फुस्हा बोललात तर त्या हसतील, कौतुकही करतील, पण उत्तर फुस्हात देताना त्यांना स्वतःलाच अवघड होईल. आपण त्यांच्याकडून नकळत परीक्षा दिल्यासारखं बोलणं मागत असतो. हे कळल्यावर मी घरात फुस्हाचा हट्ट सोडला.

याला अपवाद लहान मुलांचा. तिकडे कार्टून बहुतेक फुस्हात डब केलेली असतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलांना फुस्हा म्हणजे शूर वीरांची भाषा वाटते. शेजारचा एक छोटा माझ्याशी तसाच बोलायचा, शेवटचे स्वरसुद्धा न गाळता. दारात उभा राहून 'हे परदेशी, तू कुठून आलास?' अशा थाटात विचारायचा. मी मनापासून उत्तर द्यायचो. माझी फुस्हा त्याच्याशी बोलूनच टिकली.

मराठी माणसाला दोन गोष्टींचा फायदा आहे. 'तू गेलास' आणि 'तू गेलीस' हा फरक अरबीतही आहे: रुहत, रुहती. माझ्या वर्गातले युरोपीय इथे महिनोन् महिने अडखळायचे, मला समजवावं लागलं नाही. दुसरं, जोडाक्षरातलं द्वित्त आपल्या कानाला स्पष्ट ऐकू येतं. हमाम म्हणजे कबुतरं आणि हम्माम म्हणजे न्हाणीघर, हा फरक आपण चुकत नाही. अडचण दुसऱ्याच ठिकाणी आली. सत्तर वर्षांच्या बाईंना 'इंती', म्हणजे सरळ 'तू' म्हणायचं. तिकडे तेच रीतीचं आहे, आदर आवाजात आणि 'खालतो', 'हज्जे' अशा हाकांत असतो. माझी जीभ तरी पहिला महिना रेटेना.

२०११ नंतर बाब तूमातले विद्यार्थी गेले, बरीच कुटुंबंही पांगली. शिकणारे अम्मान, बैरूत, मोरोक्कोकडे वळले. तो चौक अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हाला असं घर मिळो.

गलबत

मी मोरोक्कोत, फेस शहराच्या मदिनेत, म्हणजे जुन्या वस्तीत अडीच महिने होतो. फेस सुंदर आहे, तिथली दारिजा (मोरोक्कोची बोली) गोड आहे, पण सांगून ठेवतो: शाम भागातली (सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन) बोली शिकून फेसला गेलात तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. 'मला पाहिजे'चं 'बिद्दी' तिथे 'बघीत' होतं, 'हल्लअ'चं 'दाबा'. स्वयंपाकघर म्हणजे 'कूझिना'. त्यात फ्रेंच इतकं मिसळलेलं की सुरुवातीला कुठली भाषा चालू आहे तेच कळेना. उलट मोरोक्कोची माणसं पूर्वेकडची बोली मालिका-सिनेमांमुळे समजून घेतात. पायवाट, अनुवादाचं ठरलं असेल तर एक बोली धरा आणि चार महिने सोडू नका.

घराबद्दल एकच आठवण. शुक्रवारी दुपारी कुस्कुस. एक मोठी परात, सगळे भोवती, प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातलं खायचं. आजी आपल्या बाजूची भाजी हळूच माझ्या बाजूला सरकवायच्या. मी तिथे सगळ्यात उशिरा आलेला, सगळ्यात कमी बोलणारा माणूस, आणि त्यांना मी उपाशी राहीन याची काळजी. सकाळी घरी मळलेली कणीक फळीवर ठेवून गल्लीतल्या फर्रानला, म्हणजे सामाईक भट्टीला न्यायचं काम त्यांनी तिसऱ्या आठवड्यात माझ्यावर सोपवलं. भट्टीवाला, वाटेतला वाणी, पाटी उचलणारी पोरं, सगळे मला त्या घराचा म्हणून ओळखायला लागले. इतका आनंद मला कुठल्याही परीक्षेने दिलेला नाही.

पायवाट

सगळे इतकं मनापासून लिहीत आहात, खूप आभार. काठावर, तुमचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. उत्तर आलं: घरात मी एकटीच विद्यार्थिनी, काका-काकू, एक मुलगी कॉलेजात, एक मुलगा शाळेत, आणि काकू दिवसभर घरी. खोलीत शेगडी आहे, घर बदलायचं झाल्यास दोन आठवड्यांत. होकार कळवला!

आता जेवणाचं सांगा. आणि 'तुझा धर्म कोणता' असं विचारतील तेव्हा काय सांगावं? पाण्याची टंचाई असते असंही वाचलं.

उंबरठा

अभिनंदन! क्रमाने नाही, जसं आठवेल तसं लिहिते.

पाणी. हे मी सगळ्यात वर ठेवीन. जॉर्डन जगातल्या सर्वांत कमी पाणी असलेल्या देशांपैकी आहे. अम्मानमध्ये नळाला पाणी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी येतं, ते गच्चीवरच्या टाक्यांत भरून पुरवायचं. टाकी मधेच संपली तर टँकर विकत. अंघोळ भराभर उरका, दात घासताना नळ बंद. त्याबद्दल तुम्हाला कुणी बोलणार नाही, भिडस्त असतात, पण लक्षात सगळ्यांच्या येतं. पाण्याच्या दिवशी कपडे धुणं, घर धुणं, सगळं एकदम असतं. त्या दिवशी क्लासहून लवकर या आणि हाताखाली उभ्या राहा.

जेवण. 'अना नबातिये', मी शाकाहारी, एवढं सांगून भागत नाही. 'लहमे' म्हणजे मांस म्हटलं की त्यांच्या मनात बकरा-गाय येते, कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून वेगळं सांगा: बिदून लहमे, बिदून जाज, बिदून समक. कोंबडीला जाज. आणि मरका, म्हणजे मांसाचं पाणी, तेही नको म्हणा. भात बहुतेकदा त्यात शिजतो. सोपी युक्ती अशी: 'सियामी' जेवण चालेल म्हणा. तिथले ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस, दूध, अंडी वगळून जेवतात, त्याला सियामी म्हणतात, आणि मुसलमान घरांतही तो शब्द कळतो. मग मुजद्दरा (मसूर, भात, वरून तळलेला कांदा), फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), हुम्मुस (वाटलेले छोले), मसुराचं सूप, मांसाशिवायच्या पानगुंडाळ्या ज्यांना यलंजी म्हणतात, यातलं काही ना काही असतं. मनसफ हे तिथलं मानाचं ताट, जमीद नावाच्या वाळवलेल्या दह्याच्या रश्शातलं मटण. ते होईल त्या दिवशी खालतोंना वाईट वाटेल की तुम्ही त्यात नाही. त्या दिवशी ताटाशी बसा तरी. भात-दही वेगळं काढून ठेवायला आदल्या दिवशी सांगा.

धर्म. विचारतातच, आणि त्यात खोडसाळपणा नसतो. 'हिंदी' म्हणजे भारतीय. हिंदू याला 'हिंदूसी'. हा फरक पहिल्या दिवशी पाठ करा, नाहीतर धर्म विचारल्यावर देश सांगाल. मी जे आहे ते सांगितलं. सासूबाईंनी खूप प्रश्न विचारले, मला उत्तरं द्यायला शब्द पुरेनात, म्हणून मी रोज एक उत्तर क्लासमध्ये तयार करून रात्री त्यांना सांगायचे. मेलेल्यांचं काय करता, लग्नात काय म्हणता. माझं सगळ्यात चांगलं अरबी त्या संध्याकाळचं आहे, कारण मला ते खरंच सांगायचं होतं आणि त्यांना खरंच ऐकायचं होतं.

नियम. तुम्ही त्यांच्या घरची मुलगी म्हणून वावरणार, तेव्हा उशीर होणार असेल तर फोन. मित्राला घरी आणू नका. 'ऐब' हा शब्द कानावर येईल, आपल्याकडे ऐब म्हणजे खोड, तिथे म्हणजे लोकलाजेला न शोभणारं. हराम वेगळं, ऐब वेगळं. हराम धर्मात लिहिलेलं असतं, ऐब शेजाऱ्यांच्या डोळ्यांत. मला हे कधीकधी जाचायचं, लपवत नाही. रात्री साडेनवाला घरी असणं पंचविशीत सोपं नव्हतं. फ्लॅटमध्ये ते स्वातंत्र्य मिळालं असतं आणि ज्यांना ते हवं त्यांनी कुटुंब घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि उत्तरं शिका. अरबीत प्रत्येक सदिच्छेला ठरलेलं प्रत्युत्तर असतं. कुणी काम करत असेल तर 'यअतीकी अल्-आफ्ये', देव तुला बळ देवो. त्यावर 'अल्ला यआफीकी'. न्हाऊन आलात की 'नईमन', त्यावर 'अल्ला यिनअम अलेकी'. जेवताना 'सहतेन', शब्दशः दोन आरोग्यं, द्विवचन आहे ते; त्यावर 'अला अल्बेक', तुझ्या हृदयावर. वाढणाऱ्या बाईला 'यिस्लमू इदेकी', तुझे हात सुखरूप राहोत. नुसतं शुक्रन म्हणणं म्हणजे चेंडू टाकल्यावर न झेलणं. ही वीस-पंचवीस जोडवाक्यं जाण्याआधी पाठ करा.

रमजानचं थोडक्यात: दिवसा उघड्यावर खाणं-पिणं टाळा, तिथे ते कायद्यानेही मना आहे. खोलीत खायला हरकत नसते. पण इफ्तारला घरीच असा. खजूर, सूप, तम्र हिंदी. तम्र हिंदी म्हणजे चिंचेचं सरबत, शब्दशः 'हिंदी खजूर'. टॅमरिंड हा शब्द तिथूनच निघाला. रात्री कतायेफ (सारण भरलेला गोड पदार्थ), आणि मग पहाटेपर्यंत नातेवाईक. सगळ्यात जास्त अरबी त्या महिन्यात कानावर पडेल.

प्रवासी पाखरू

मुलग्यांना घेतात का कुटुंबं? मी पुढच्या वर्षीचा विचार करतो आहे.

गलबत

घेतात, पण कमी. घरात तरुण मुलगी असेल तर सहसा नाही. वयस्क जोडपं किंवा फक्त मुलगे असलेलं घर मिळतं. नाही मिळालं तर स्थानिक मुलांबरोबर फ्लॅट घ्या आणि एखाद्या घरी आठवड्यातून दोनदा जेवायला जायचं ठरवा. संस्था असं जुळवून देतात.

पायवाट

दोन महिने झाले. अम्मानहून लिहिते आहे. सगळ्यांना सांगायचं राहून जात होतं.

पहिला आठवडा कठीण गेला. इतका की एका रात्री परतीची तिकिटं बघितली. घरात चौघे आणि चौघांचं अरबी वेगळं. कॉफीचंच घ्या. शिक्षक म्हणतात कहवा. खालतो (काकू) म्हणतात अहवे, अम्मो (काका) म्हणतात गहवे. बायका बहुतेक 'क' गिळून तिथे नुसता श्वास अडवतात, पुरुष 'ग' करतात. शाळकरी मुलगा आईशी बोलताना अहवेवाला आणि मित्र आले की गहवेवाला! मी कुणाचं उचलायचं? उंबरठा, तुमचं वाचलं होतं म्हणून मी खालतोंच्या बाजूला बसले.

पैशांचंही तेच. पुस्तकात दिनार आणि फिल्स, हजार फिल्सचा एक दिनार. दुकानात कुणी फिल्स म्हणतच नाही. दिनारला लेरा, दहा फिल्सला किर्श, पन्नास फिल्सला शिलिन, शंभराला बरीझे. मुलाने मला जेवणाच्या टेबलावर नाणी मांडून शिकवलं आणि मग भाजी आणायला पाठवलं. परत आल्यावर हिशेब घेतला. 'हिसाब' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द तिथे तसेच आहेत, तेव्हा मला घरी आल्यासारखं झालं. आपले किती शब्द इथे भेटतात! दफ्तर म्हणजे वही. इमारा म्हणजे इमारत. गरीब म्हणजे मात्र परका, अनोळखी. पहिल्या दिवशी खालतोंच्या बहिणीने विचारलं, तुला इथे गरीब वाटतं का, आणि मला वाटलं त्या माझी परिस्थिती विचारत आहेत. मी गंभीरपणे सांगितलं की आमचं बरं चाललं आहे. त्यांनी माझा हात धरला आणि दोनदा समजावून सांगितलं की परकं वाटून घेऊ नकोस.

रात्री खालतोंबरोबर मालिका बघते. झी अलवानवर हिंदी मालिका बोली अरबीत डब होऊन लागतात. त्यांना वाटतं मला तिथलं सगळं माहीत असणार, म्हणून पुढे काय होईल ते मला विचारतात. मी अंदाज सांगते, भूतकाळ-भविष्यकाळ सगळं वापरावं लागतं. जाहिरात लागली की त्या माझ्या चुका सुधारतात. फुस्हाचं म्हणाल तर बिघडली नाही. सकाळी वर्गात निबंध लिहिते तेव्हा शब्द लवकर सुचतो, कारण त्याचा बोलीतला भाऊ आदल्या रात्री भेटलेला असतो.

उंबरठा म्हणतात ते जाचणं मलाही आहे. एकटं बसायला जागा नाही. खोलीचं दार लावलं की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, रागावलीस का? आजारी आहेस का? मी आता गच्चीवर टाक्यांच्या मागे जाऊन बसते. तिथून पलीकडच्या डोंगरावरची घरं दिसतात, आणि गॅस सिलिंडरची गाडी बीथोवेनची धून वाजवत चढण चढताना ऐकू येते.

काल पाण्याचा दिवस होता. मी जिना धूत होते. खालतो वरून ओरडल्या, नेहमीच्या वेगात, अर्धं वाक्य गिळून: नळ बंद कर, टाकी भरली, आणि वर ये, चहा गार होतो आहे. मी 'हादिर' म्हटलं आणि नळ बंद केला. हादिर म्हणजे आपलं हजर. दोन पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं की मनात मराठी झालंच नव्हतं.

प्रवासी पाखरू

वाचताना डोळे भरले. एक विचारू? जाताना त्यांच्यासाठी काय न्यावं?

पायवाट

मी वेलदोडे नेले होते, अर्धा किलो. कॉफीत घालतात, हेल म्हणतात. खालतोंनी डबा उघडून वास घेतला आणि पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. आता तो डबा कॉफीच्या डब्याशेजारी असतो आणि पाहुणे आले की सांगतात, हा आमच्या मुलीने आणलेला. शोभेची वस्तू नेऊ नका, वापरात येईल असं काहीतरी न्या.